बांधावर राहिलेली उतरण

ये रे वसंता, जवळ ये. कागदातून हाक मारतेय म्हणून काय झालं, जवळ येऊन ऐक. आधी चार बोल खायचे आहेत तुला. शिमग्याला आलास, काखेत ती गाण्याची काळी तबकडी, तोंडात एकच घोकणी, "आजी, गाणं चालतं कसं ते सांग." मी चूल पेटवली, चहा ठेवला, आठवायला बसले, तोवर तुझी एसटी आली. अर्धा चहा कपात टाकून पळालास. माझ्या धोंडीचा नातू म्हणून गप्प राहिले. धोंडी असती तर फुंकणी घेऊन तुझ्यामागे धावली असती.

मग मागाहून निरोप धाडलास. म्हणे तुम्हा मुंबईच्या गाणी लिहिणाऱ्यांचा अंक निघणार आहे, त्यात नव्या पोरांसाठी मी काहीतरी लिहावं. गाणं कसं बांधावं, चाल लावणाऱ्याशी कसं जमवावं, कंपनीवाल्यांशी कसं बोलावं. बरं, लिहिते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवली आणि वाण्याच्या पुड्यांवरचं वाचता वाचता वाचायला लागले. तेव्हा बोलते तसंच लिहीन. आणि गोड लिहीन अशी आशा ठेवू नका. गाणी विकणाऱ्यांचा मला राग आहे. वय झालं की राग निवतो असं सगळे सांगायचे. माझा निवला नाही.

त्यात पुन्हा ही भाताची लावणी आली. मी पडवीत बसून लिहितेय आणि समोरच्या खाचरात बायका वाकल्यात. पाठीवर निळे प्लास्टिकचे कागद. बांधावर काठी रोवलीय, काठीला पिशवी, पिशवीत ट्रान्झिस्टर. तो डबा गातोय आणि बायका गप्प. त्याच्यात कोणी बाई साजणाला बोलावतेय, साजण येत नाही, सनई वाजते, मग बातम्या लागतात. बायका बातम्यांवरही त्याच चालीनं रोपं लावतात. मला बघवत नाही. परवा ओरडून विचारलं, "गो, तुमच्या जिभेला काय झालं?" तर एक म्हणाली, "आजे, त्यात चांगलं येतं. आमचं कोण ऐकणार?" मी आत निघून आले. हे वाक्य त्या पोरीचं नव्हे. ते तिच्या तोंडात कोणी घातलं, ते मला ठाऊक आहे. तेच सांगायला बसलेय.

महाडच्या बाजारात फोनो नवा आला होता तेव्हाची गोष्ट. तबकड्या वाजवणारा, त्याला मोठा कर्णा, धोतऱ्याच्या फुलासारखा. मी लग्न होऊन पोलादपूरच्या खाली या वाडीत आले त्याला फार वर्षं झाली नव्हती. माहेर माझं कुडपणचं. तिथं पठारावर वारा एवढा की ओळ म्हणावी इथं आणि ऐकू जावी पलीकडच्या डोंगरात, म्हणून आम्ही मुली ओळ लांब ओढायचो. खाली नदीकाठच्या खाचरात तसं चालेना. इथं पाऊस उभा कोसळतो. डोक्यावरून कंबरेपर्यंत इरलं, बांबूच्या कामट्यांचं, वर पळसाची पानं. त्यावर पाऊस तडतडतो. शेजारची बाई दिसत नाही, तिचं नुसतं इरलं दिसतं, कासवाच्या पाठीसारखं. सगळ्या ओळीत एकमेकींचा पत्ता लागतो तो आवाजानं. मी पहिल्या दिवशी माहेरची ओढ लावली आणि अर्ध्यात दम तुटला. शेजारच्या इरल्याखालून आवाज आला, "वाकून गातेस की उभ्यानं? पोट दुमडलेलं हाय तुझं. जेवढा श्वास तेवढंच गाणं कर."

ती धोंडी. तुझी आजी. अशी भेट झाली आमची.

तुम्ही पोरं खुर्चीत बसून लिहिता. तुझी ती वही मी चाळली, राग मानू नकोस. ओळीच्या ओळी, नदीसारख्या लांब. एक काम कर. कंबरेत वाक, दोन्ही हात चिखलात घाल, मागं मागं सरक आणि ती ओळ म्हण. जिथं दम तुटेल तिथून पुढचं सगळं तू दाखवण्यासाठी लिहिलंयस. ते काढून टाक.

आता आमचं काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लावणी सावडीवर व्हायची. आज सगळी वाडी एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नसे. ज्याचं शेत त्याच्या घरच्या बाईनं दुपारी बांधावर भाकर आणायची, एवढंच. आणि त्या दिवसाच्या गाण्यात त्या बाईचं नाव घ्यायचं. भाकर वेळेवर आली, कालवण चवीचं असलं, तर गाण्यात ती राणी. उशीर झाला, कालवण पाणचट निघालं, तर टोमणा. तोही तिच्या तोंडावर, सगळ्यांनी मिळून. कोणी रागवत नसे. कारण टोमण्याला उतरण होती. शेतात रोपांची शेवटची मूठ लागायच्या आत तो टोमणा गाण्यातच खाली उतरवायचा, त्या घराचं बरं बोलायचं, मगच चिखलातून पाय काढायचा. उतरण न म्हणता शेतातून गेलं तर रोप मूळ धरत नाही, अशी आमची समजूत. आणि टोमणा जिनं मारला तिनं उतरण उचलायची नाही. ती दुसरीनं उचलायची. मीच फाडायचं आणि मीच शिवायचं म्हटलं तर फाडणाऱ्याला धाक कसला?

तर मी गाणं उचलायची, धोंडी झेलायची. मी ओळ टाकली की तिनं तिचं शेपूट पकडायचं, चाल द्यायची, बायकांच्या ओळीनं तिच्यामागून म्हणायचं, तेवढ्यात मी पुढची ओळ जुळवायची. लोक म्हणायचे गाणं माझं. खोटं. धोंडीला ओळ पटली नाही तर ती झेलायचीच नाही. गप्प. सगळी ओळ गप्प. नुसता चिखलात बोटं रुतल्याचा आवाज आणि वर पाऊस. माझी ओळ पडायची पाण्यात आणि आम्ही मागं सरकताना आमच्याच पायांखाली जायची. काय राग यायचा मला. एकदा बांधावर जाऊन तिला धरलं.

"का गो झेललं नाय?"

"पोकळ होतं. हातात काय आलं नाय."

"चार बायका हसल्या असत्या त्यावर."

"हसल्या असत्या. घरी काय नेलं असतं?"

त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. पण ती ओळही पुन्हा म्हटली नाही. तू विचारलंस ना, चाल लावणाऱ्याशी कसं जमवावं? जमवू नकोस. जो तुझी वाईट ओळ पाण्यात पडू देईल असा माणूस शोध आणि त्याच्याशी आयुष्यभर भांड. तुझ्या प्रत्येक ओळीवर मान डोलवतो तो तुझा सोबती नव्हे, तो तुझ्याकडून काहीतरी न्यायला आलाय.

मान डोलवणाऱ्यावरून शिवराम आठवला. शिवराम आमच्याच वाडीचा, पण मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला गेलेला. आधी गिरणीत होता, मग नाटकवाल्यांच्या पेटीच्या मागं बसायला लागला, तिथून तबकडीवाल्यांच्या ओळखीत शिरला. त्या आषाढात तो घरी आला होता. काळी छत्री, पायात पंपशू. सगळं गाव गुडघाभर चिखलात आणि हा बांधावर छत्रीखाली, माझ्या ओळीओळीला "वाहवा, आनशीवैनी" करत. बोलायचा अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "एकदम फर्स्ट क्लास चीज हाय," म्हणायचा. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. धोंडीला नाही वाटलं. ती इरल्याखालून एवढंच म्हणाली, "याच्या बुटाला अजून चिखल नाय."

त्या दिवशी शेत होतं गंगावैनीचं. आमच्या वाडीत बऱ्यापैकी जमीन असलेलं घर ते. ती तुडीलची लेक, नाकासमोर चालणारी, हसली तरी तोंडावर पदर. दिवस माथ्यावर आला तरी बांधावर भाकर नाही. पोटं खपाटीला. शेवटी वैनी आली, डोक्यावर पाटी, मान खाली. भाकऱ्या करपलेल्या, आमटीत मीठच नाही. पाटी ठेवली आणि काही न बोलता आल्या पावली धावत परत गेली. मग काय, मला रान मोकळं.

"दिस आला माथ्यावरी, भाकर नाय बांधावरी," मी उचललं. धोंडीनं झेललं. "गंगावैनी निजली घरी, मीठ तिचं कुलपाघरी." ते तर अख्ख्या ओळीनं झेललं. इरली हसायला लागली. जाता जाता गंगावैनीनंही ऐकलं असणार, पाठ फिरवलेली होती तिची. टोमणा चांगला होता. आजही म्हणेन चांगला होता. गाण्यात कुणाचं तरी नाव हवं, कुणाची तरी खोड हवी, ती खोड त्या दिवशी खरी दिसलेली हवी. तुमच्या साजणाला ना नाव, ना गाव. तो आला काय, न आला काय, मला कशाला त्याची काळजी?

शिवरामनं बांधावर बसून दोन घास खाल्ले आणि थुंकला. धोंडीकडून चाल घटवून घेतली, जेवता जेवताच, आणि ती भोळी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिली. मग पाऊस वाढला, पंपशू भिजले, तो कुरकुरत पोलादपूरच्या वाटेला लागला. काळी छत्री वळणाआड गेली. शेत अजून निम्मं लागायचं होतं.

आता हे लक्षात ठेव वसंता. निम्मं शेत राहिलेलं असताना तो गेला. वाडीत जन्मलेला माणूस. पण चिखलात पाय न घालताच मोठा झालेला. त्याला वाटलं, हसू आलं म्हणजे गाणं झालं.

दिवस कलला तेव्हा गंगावैनी पुन्हा आली. या वेळी हातात पातेलं, त्यावर हळदीचं पान. लुगड्यावर डाग, हात कोपरापर्यंत धुतलेले, तरी नखांत लाल. तिची गाय सकाळपासून अडली होती. वासरू आडवं. नवरा आमच्याबरोबर चिखलणीला, घरात दुसरं मोठं माणूस नाही. भाकर तव्यावर टाकायची आणि गोठ्यात धावायचं, गोठ्यातून येऊन करपलेली भाकर काढायची, असं चाललं होतं बाईचं. मीठ घालायचं राहून गेलं. वासरू जिवंत निघालं. पहिल्या चिकाचा खरवस करून तो गरम गरम घेऊन ती ओळीपुढं उभी होती, आणि अजून तिच्या तोंडून स्वतःच्या बाजूचा एक शब्द नाही. हे सगळं आम्हाला दुपारनंतर घरी जाऊन आलेल्या तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

मग धोंडीनं उतरण उचलली. त्या दिवशी पहिल्यांदा मी झेलणारी आणि ती उचलणारी. काय उतरण होती ती. मी ज्या शब्दावर गाणं उघडलं होतं त्याच शब्दावर तिनं आणून मिटवलं, जसं शेताचं पाणी सोडून बांधातलं दार पुन्हा मातीनं लिंपावं. गाय त्यात होती, वासरू होतं, ते कोपरापर्यंतचे हात होते. गंगावैनी पदर तोंडावर घेऊन बांधावर बसली. हसतेय की काय ते दिसेना. आम्ही चिखलाच्या हातांनीच खरवस खाल्ला.

ती उतरण मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं येईल.

थंडी सरताना धोंडी आणि मी कोंबड्या घेऊन महाडला बाजाराला गेलो. चहाच्या दुकानासमोर ही गर्दी. आत कर्णा गात होता. पेटी, तबला, आणि कोणा बाईचा नाकातला लाडिक आवाज, "दिस आला माथ्यावरी..." माझ्या हातातली कोंबडी सुटायची राहिली. आधी, खरं सांगते, अंगावर काटा आला आनंदानं. मग ती बाई म्हणाली "गंगावैनी निजली घरी", आणि बाकड्यावरचे सगळे बाप्ये फिदीफिदी हसले. आणि मग आली एक ओळ जी माझी नव्हती. "रात कुनासाठी जागली, म्हनून दुपारी निजली." ती ओळ ती बाई पुन्हा पुन्हा घोळवत राहिली, आणि दर खेपेला बाकडी हसत राहिली. मग खरखर, खरखर. पिन उचलली.

धोंडी दुकानात शिरली. बायका तेव्हा तिथं शिरत नसत. मालकाला म्हणाली, "पुढं लाव."

"पुढं काय? संपलं."

"संपलं नाय. अजून उतरण हाय."

मालकानं तबकडी उलटी करून दाखवली. दुसऱ्या बाजूला कोणा भलत्याचीच नक्कल होती. तो म्हणाला, बाई, हे शिवराम मास्तरांचं पद हाय, बघ, नाव छापलंय. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, तुमच्या वाडीचीच ना ही गंगा, मास्तरच सांगत होते दासगावच्या धक्क्यावर. आणि डोळा मारला. धोंडीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं कप खाली ठेवला. पण बघून काय होतं? आम्ही बाहेर पडेपर्यंत मालकानं चावी भरली होती आणि गंगावैनी पुन्हा निजली होती.

लोक म्हणतात तबकडी गाणं जपून ठेवते. मी म्हणते, ती टोमणा जपून ठेवते. आमच्या शेतातला टोमणा दुपार ते संध्याकाळ एवढाच जगायचा. या तबकडीतला मरेचना. चावी भरली की जिवंत.

आणि ती तबकडी नदीनं खाली गेली. दासगावला गेली, तिथून तुडीलला. तिथं गंगावैनीच्या भावाच्या घरी लग्न, भाचीचं. ही हौसेनं आदल्या दिवशी गेलेली. मांडवात कोणीतरी फोनो आणला. गाणं तिच्या माहेरी तिच्या आधीच पोचलेलं होतं, नुसतं ते तिच्या तोंडावर वाजायचं राहिलं होतं. ते वाजलं. भाऊ काही बोलला नाही. तेच वाईट झालं, काही बोलला असता तर हिला सांगता आलं असतं. हळद लागायच्या आत ती परत आली, एकटी, चालत. त्यानंतर कित्येक वर्षं तिनं तुडीलची वाट धरली नाही.

शिवराम शिमग्याला आला तेव्हा धोंडी आणि मी दासगावच्या धक्क्यावर जाऊन उभ्या राहिलो. लाँचमधून उतरला, नवे पंपशू, हातात पेटी. आम्हाला बघून हात पसरले. म्हणाला, आनशीवैनी, तुझं गाणं मुंबई गाजवतंय. मी विचारलं, माझं आहे तर वर नाव तुझं कसं? तर म्हणाला कंपनीत बायकांच्या नावाला कोण विचारतो, आणि गाणं काय, चिखलातनं उचललं त्याचं. मी त्या शब्दांसकट गिळलं असतं त्याला. पण धोंडीनं मला मागं सारलं. तिला नावाचं काही नव्हतं.

"उतरण कुठाय?" तिनं विचारलं.

"जागा नसते तबकडीवर, वैनी. तेवढंच मावतं."

"तुझी घाणेरडी ओळ मावली. मग उतरण कापलीस कुठनं ते सांग. कुठल्या शब्दापासनं?"

तो बघतच राहिला. तेव्हा मला कळलं, आणि धोंडीला आधीच कळलं होतं. त्यानं काही कापलं नव्हतं. उतरण असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. आमच्यात वाढलेला माणूस, आणि निम्मं गाणं घेऊन मुंबईला गेला, निम्म्यालाच पुरं समजून. तोंड कसनुसं झालं त्याचं. क्षणभर मला वाटलं आता हा वरमेल. पण तो धंद्यातला माणूस. लगेच म्हणाला, अरे वा, म्हणजे अजून माल शिल्लक हाय, सांगा की, दुसरी तबकडी काढू, गंगावैनीची इज्जतपण साफ होईल, पब्लिकपण खूश. पब्लिकला हेच लागतं, म्हणाला. मी तेव्हापासून बघतेय, पब्लिकला हेच लागतं म्हणणाऱ्यानं पब्लिकला दुसरं काही कधी दिलेलंच नसतं.

तरी आम्ही गंगावैनीकडं गेलो. नको म्हणायला आम्ही कोण? नाव तिचं खराब झालं होतं. धोंडीनं सगळं सांगितलं, की तो उतरण घालून नवी काढतो म्हणतोय, सगळीकडं वाजेल, तुडीललाही. गंगावैनी तांदूळ निवडत होती. निवडतच म्हणाली, "मी बाजारात उभी राहून माझी गाय व्यायली याची साक्ष देनार नाय. ज्यांनी हसून घेतलं त्यांनी माझ्या बांधावर यावं. उतरण माझ्या शेतात म्हनायची. इकायची नाय."

वर मान करून धोंडीला म्हणाली, "तू उचललीस ना ती? मग तुझ्या गळ्यात ठेव."

संपलं. शिवरामनं पुढं दोनदा माणसं पाठवली, मग दुसरीच गाणी शोधली. आता तो नाही. त्याच्याविषयी चांगलं बोलायची माझी तयारी नाही.

पुढच्या आषाढात गंगावैनीनं सावड मागितलीच नाही. नवराबायको दोघंच शेतात उतरली. आम्ही दोघी न सांगता जाऊन मुठी उचलल्या, मग एक एक करत बाकीच्या आल्या. दुपारी वैनी भाकर घेऊन आली, वेळेच्या कितीतरी आधी. आमटीचा घोट घेतला आणि सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मीठ इतकं की जिभेला चटका बसावा. सगळी आमटी संपवली आम्ही, शेतातलं पाणी पिऊन. त्या दिवशी गाणं झालं नाही. मला एक ओळ सुचली होती, मी ती उचलली नाही, आणि उचलली असती तरी धोंडीनं झेलली नसती.

दुसऱ्या शेतात मी "दिस आला" उचललं तर नव्या सुना तबकडीची चाल म्हणायला लागल्या, नाकातून. एक मला म्हणाली, "आत्ये, चुकतंय तुमचं. तबकडीत असं नाय." माझंच गाणं, आणि मलाच सांगते. मग हळूहळू बायका आधी चुकायला भ्यायल्या, मग गायला. त्या परवाच्या पोरीचं वाक्य तिथून आलंय. आमचं कोण ऐकणार. आज तिच्या बांधावर डबा टांगलाय, आणि आताच्या शिवरामांना एक छत्रीसुद्धा उघडावी लागत नाही.

तेव्हा तुझ्या अंकासाठी काय लिहू? गाणं विका, बाबांनो, पोटं आहेत तुम्हाला. मी कोण नको म्हणणार. पण विकायच्या आधी शेत लागेपर्यंत थांबा. ज्याच्यावर गाणं केलंत त्याच्या दारात आधी म्हणून बघा, आणि त्याचं उत्तर गाण्यात येऊ द्या. कंपनीवाला म्हणेल मावत नाही, तर टोमणा कापा म्हणावं, उतरण नव्हे. तो हसेल. हसला की उठून या. एवढं करून तुमचं गाणं चालणार नाही कदाचित. न चालू दे. जे चाललं ते एका बाईच्या अंगावरून चाललं, मी बघितलंय.

आणि तुला, वसंता, वेगळं सांगायचंय. ती तबकडी तुला चोरबाजारात मिळाली, तिचं तू नव्या वाद्यांवर गाणं करणार म्हणालास. तुझे डोळे चमकत होते, अगदी शिवरामसारखे, आणि तू शिवरामसारखाच निम्म्यातून उठलास. म्हणून मी एवढी चिडले. तुला माहीत नाही, ती उतरण तुझ्या आजीची आहे. धोंडी गेली, आता ती दोघींना येते, मला आणि गंगावैनीला. मला उचलता येत नाही, कारण टोमणा माझा. गंगावैनी स्वतःची स्वतः कशी उचलेल? दरवर्षी तिच्या शेताची शेवटची मूठ लागते आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या बांधावर एकमेकींकडं बघत बसतो. धोंडी होती तोवर ती म्हणायची, ती गेल्यापासून ती उतरण कोणी म्हटलेली नाही. आम्ही दोघी गेलो की उरेल ती तुझ्या काखेतली तबकडी. तिच्यात गंगावैनी निजलेलीच राहील.

परवा तिला विचारलं, धोंडीच्या नातवाला शिकवशील का? तिनं सुपारी कातरली. मग म्हणाली, "त्याच्या पायाला चिखल लागू दे, मग बघू."

तेव्हा ये. तबकडी आण, तो वाजवायचा पेटारा आण, तिच्या बांधावर लाव. बाप्या माणूस लावणीच्या ओळीत उभा राहिला तर बायका हसतील, हसू देत. पिन जिथं खरखर करून थांबेल तिथून तू उचल, गंगावैनी सांगेल तशी. मी झेलेन. दम पुरेल तेवढं झेलेन. मग पुढं त्या गाण्याचं काय करायचं ते तिला विचार, आणि ती नाय म्हणाली तर नाय.

दुपारी तिची आमटी खारट असेल. अजून तशीच करते. मुकाट्यानं खा, वाटीत टाकून उठू नकोस. तिचं शेत वाडीत सगळ्यात शेवटी लागतं, पण आवणातलं रोप पिवळं पडायला लागलंय, फार दिवस थांबायचं नाही ते. लवकर ये रे. या खेपेला परतीची एसटी बघून येऊ नकोस.